टिचकी

माझा बाप मिरजेत सतारीचे भोपळे निवडायचा.
टिचकी मारायचा, कान लावायचा,
शंभरातले सहा बाजूला काढायचा.
त्याच्याकडून मला तेवढंच आलं.
मी सांगलीच्या कॉलेजात काचा धुतल्या,
चौतीस वर्षं.

उपाध्ये बाई पुण्याहून आल्या त्या साली
वीज दुपारी जायची
आणि प्रयोगशाळेतला नळ पाण्याआधी खोकायचा.
पहिल्याच दिवशी मी फ्लास्कला टिचकी मारून म्हटलं,
हा नको बाई, ह्याच्या पोटात दुखतंय.
त्यांनी उजेडात धरला. तडा दिसेना.
बर्नरवर चढवला, आणि तो तिथंच उकलला.
त्यानंतर मला विचारल्याशिवाय
त्यांनी एकही काच तापवली नाही.

विषय हळदीचा.
बाहेर पेठेत रुमालाखाली बोटं दाबून
हळदीचे सौदे व्हायचे,
आत बाई एकच विचारायच्या:
उन्हात हा पिवळा उडतो का?
उडतो, हे दोरीवर लुगडं टाकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.
का, ते लिहायला बाईंना सव्वीस वर्षं लागली.
तेही अर्धंच.

कारखान्याला बारा टक्के उतारा पडला
की आमच्याकडे पेढे वाटतात.
बाईंना एकतीस पडायचा, तरी तोंड उतरलेलं.
सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम,
आणि रिफ्लक्स काही सूर्य बघून थांबत नाही.
किती डबे मी तसेच, भरलेले,
त्यांच्या सायकलला अडकवलेत.

प्रोफेसरपदाची मुलाखत तीनदा झाली.
तिसऱ्यांदा कोल्हापूरहून एसटीनं आल्या
त्या थेट प्रयोगशाळेत.
म्हणाल्या, दस्तगीर, कंडेन्सरचं पाणी सोड.
मी सोडलं.
निकाल विचारला नाही.

मग त्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलाखाली मावेना.
स्टोअर तळमजल्यावर.
स्टोअरात सोडियम, रॉकेलात बुडवलेलं,
पाण्याचं जन्माचं वैरी.
बाई मांडीभर पाण्यात, पदर खोचलेला,
बाटली दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर.
वयाच्या साठाव्या वर्षी.
मी पुढं, पायानं पायरी चाचपत.
अकरा फेऱ्या झाल्या.
सोडियम, पोटॅशियम, हायड्राइडचा डबा,
कुणाच्या तरी एम. एस्सी.चे विसरलेले नमुने.
बाराव्या फेरीत त्यांच्या वह्या आणायच्या होत्या.
बाराव्या फेरीला
जिन्याची पाचवी पायरी दिसेना.
बाई म्हणाल्या, चल, वर चल.

पाणी ओसरल्यावर सावळजचा जुना विद्यार्थी टेम्पो घेऊन आला.
बेदाण्याच्या शेडी तेव्हा रिकाम्या असतात.
मार्चात जिथं द्राक्षं वाळतात त्या जाळीवर
आम्ही पानं मांडली, सुटी करून, एकेक.
चिखलाचा वास, खाली कुत्रं झोपलेलं.
शाई वाहून गेली होती.
आकडे नव्हते, तारखा नव्हत्या.
डाग तेवढे राहिले होते,
पिवळे, आणि मध्येच लालभडक.
सोड्याचं पोतं फुटलं असणार पाण्यात.

बाई त्या लाल डागाकडं बघत राहिल्या.
म्हणाल्या, वहीनं स्वतःच एक प्रयोग उरकला बघ.
शेडवाल्याच्या बायकोकडून लिंबू मागून घेतलं,
एक थेंब सोडला.
लाल हळूच मागं सरला, पिवळं वर आलं.
पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवतात तेच,
पण बाईंनी ते पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं.
पुढच्या पानावर त्यांनी लिंबू पिळलं नाही.
अर्धं लिंबू मुठीत तसंच राहिलं, परत येईपर्यंत.

आता बाई विश्रामबागेत असतात.
ऐकू कमी येतं.
मी गेलो की चहा ओतायच्या आधी
कपाला टिचकी मारतात
आणि माझ्या तोंडाकडं बघतात.
चांगला आहे बाई, मी म्हणतो.
नेहमीच चांगला असतो असं नाही.